गल्लीत टेप शिरला की

माझ्या उभ्या कारकिर्दीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द म्हणजे 'ताण'. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं समोरच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात, आणि मध्ये टेपचा झोपाळा. "ताण रे." "अजून ताण." "ताणलायस, का नुसता धरून उभा आहेस?" घरात चादरीची घडी घालताना समोर सून उभी असली, तरी माझ्या तोंडून हेच निघतं. ती बिचारी आता मला चादरीला हात लावू देत नाही, एकटीच घडी घालते.

मी काय काम करत असे ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीट कळलेलं नाही. मी आर्किटेक्ट नाही आणि इंजिनिअरही नाही. उभ्या असलेल्या जुन्या इमारती आतून-बाहेरून मोजायच्या आणि त्यांचा हुबेहूब नकाशा काढायचा, हे माझं काम. बांधायच्या घराचा नकाशा सगळेच काढतात. बांधून झालेल्या, दहा वेळा फोडलेल्या, जोडलेल्या, वाटण्या झालेल्या घराचा नकाशा कुणाकडेच नसतो. भावाभावांत फाटलं, बँकेला तारण हवं झालं, कोर्टानं विचारणा केली, किंवा कुणी घर पाडून तिथं दुकानांची इमारत उठवायचं ठरवलं, की मला फोन येत असे. थोडक्यात, आनंदाच्या प्रसंगी मला कुणी बोलावलं नाही.

माझं बहुतेक काम बंगळूरच्या पेटेत झालं. पेट म्हणजे जुनं शहर. व्हाइटफील्डकडे राहणाऱ्यांना ती लग्नाच्या साड्या घ्यायची जागा म्हणून माहीत असते, आणि गाडी कुठं लावायची या काळजीपायी ते तिथं मान वर करून काही बघत नाहीत. शहर वसवणाऱ्यानं चार दिशांना बैलांचे नांगर सोडले आणि त्या तासांवर रस्ते पडले, असं इथं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण ज्यांनी कुणी रस्ते आखले त्यांनी ते धंद्यांना वाटून दिले. तांदूळवाल्यांची एक पेट, कापूसवाल्यांची एक, बांगडीवाल्यांची एक. नावं तशीच राहिली आहेत, आत मोबाइलची कव्हरं विकतात. आमच्यासारखी मराठी घरंही या गल्ल्यांतून कधीची मुरली आहेत. फौजेबरोबर आलो म्हणतात. लढाई संपल्यावर परत का गेलो नाही, ते कुणी सांगत नाही.

रविवारी सकाळी या गल्ल्यांतून टोप्या घातलेले लोक फिरतात आणि एक माणूस त्यांना इतिहास सांगतो. मला त्या माणसाचा फार राग येतो. एकदा मी एका जगलीवर, म्हणजे घरापुढच्या दगडी ओट्यावर, आकडे लिहीत बसले होते. तो माझ्या डोक्यावरची लोखंडी जाळी दाखवून तिच्यात साहेबाच्या काळाचा प्रभाव कसा दिसतो ते सांगत होता. ती जाळी घरमालकाच्या मेव्हण्यानं यशवंतपूरच्या भंगारवाल्याकडून आणून बसवली होती. मी तसं सांगितलं, तर टोप्यांनी माझाच फोटो काढला.

खरी गोष्ट अशी की जुन्या गल्लीचा इतिहास वर बघून कमी कळतो आणि खाली बघून जास्त. जगलीला पूर्वी पायऱ्या होत्या. दर वेळी रस्ता होतो तेव्हा जुना न उकरता त्याच्यावरच नवा थर देतात, आणि एकेक पायरी गिळली जाते. कित्येक घरांत आता रस्त्यावरून उंबरा ओलांडून खाली उतरावं लागतं. जोत्याला कुळकुळीत काळा दगड, त्याच्यावर मातीची भिंत, तिच्यावर कुणीतरी पैसे आल्यावर चढवलेला विटा-चुन्याचा मजला, कठड्यावर चुन्यात काढलेली कमळं, आणि त्या कमळांच्या नाकावर दुकानाची चमकणारी पाटी. असं चार पिढ्यांचं घर तुम्ही एका नजरेत बघून 'जुनं' म्हणता आणि पुढे जाता.

ही घरं तोंडाशी अरुंद आणि आत लांबच लांब. छताच्या सागवानी तुळया अरुंद बाजूनं टाकलेल्या असतात, या भिंतीवरून त्या भिंतीवर. त्यांच्यावर विटा तिरप्या उभ्या लावून चुन्यात बसवायच्या, वर विटांच्या खड्यांचा थर कुटून-कुटून घट्ट करायचा, याला मद्रास टेरेस म्हणतात. फार थंड छत. पण त्याचा सगळा भार जातो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, आणि गोम इथंच आहे: दोन घरांमध्ये भिंत एकच. एका भिंतीत या घराच्याही तुळया आणि त्या घराच्याही, आलटून-पालटून, एक इकडची, एक तिकडची. दोन्ही घरं मिळून भिंत बांधत, खर्च निम्मा आणि जागाही वाचते. ज्यांनी हे ठरवलं ते शेजारी एकमेकांशी बोलत असणार.

त्यांच्या नातवंडांनी खरेदीखतं केली तेव्हा दोघांनीही ती भिंत आपापल्या मापात धरली. वकिलांनी काही विचारलं नाही. मी एकदा चिडून एका गल्लीतल्या सगळ्या खतांतल्या रुंद्यांची बेरीज केली होती. कागदावरची गल्ली कोपऱ्यावरचं देऊळ ओलांडून पुढच्या चौकात जात होती. मी हे पालिकेतल्या साहेबांना नेऊन दाखवलं. साहेब म्हणाले, "स्वल्प ॲडजस्ट करा की अक्का." देऊळ हलवू का, असं मी विचारलं नाही, कारण ते हो म्हणाले असते.

आता ज्या गल्लीची गोष्ट सांगायची आहे तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही बाजूंची माणसं फोन करतील, आणि मी निवृत्त आहे.

या गल्लीत एक समजूत होती: टेप घरात शिरला की घर जातं. समजूत अगदीच खुळी नव्हती. टेप यायचा तो वाटणीला, विक्रीला, नाहीतर रस्ता रुंद करायची हूल उठली की. मी आणि माझा टेपचं दुसरं टोक धरणारा रंगस्वामी, आम्ही दोघं गल्लीत शिरलो की बोलणी थांबत. वाती-कापूर विकणारी पुष्पक्का तर आम्हाला बघून भर दुपारी शटर ओढून घेई. आतून खोकल्याचा आवाज यायचा. वर्षानुवर्षं ती बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मी तिच्याच दुकानातून कार्तिकाच्या वाती मागवत असे, रंगस्वामीला पाठवून.

पुष्पक्काच्या शेजारी गणोजीरावांचं शिंप्याचं दुकान. गणोजीराव बँडवाल्यांचे डगले शिवायचे. लाल कापड, सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झालरी. लग्नाच्या मोसमात त्यांच्या जगलीवर खांद्यांचे ढीग पडलेले असत. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली; बायको वारलेली, मुलगा देवनहळ्ळीला विमानतळाच्या नोकरीत. मुळात घर मोठं होतं. तीन वेळा वाटणी झाली, तिन्ही वेळा टेप आला, आणि गणोजीरावांच्या वाट्याला मधली ही चीर राहिली.

त्यांच्या दुसऱ्या बाजूचं, वाटणीत भाऊबंदांकडे गेलेलं घर एका साडीवाल्या शेटनी विकत घेतलं होतं. ते पाडून चार मजली दुकान करायचं होतं. मला बोलावलं ते शेटच्या इंजिनिअरनं. निनाद त्याचं नाव. पुण्याचा, तिशीचा, व्हाइटफील्डहून गाडीत बसल्या-बसल्या मीटिंगा करत यायचा.

"काकू, बेसिकली प्लॉटच्या बाउंडरीज कन्फर्म करायच्यात," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग मिळालं तर बेस्ट. सोमवारी डेमॉलिशन सुरू."

त्यानं स्वतः काढलेला एक नकाशा मला दाखवला. शेटच्या घराला दीड फुटाची भिंत, तिला खेटून गणोजीरावांच्या घराला आणखी एक दीड फुटाची भिंत. दोन्ही खतांत भिंत होती, म्हणून त्यानं दोन भिंती काढल्या होत्या. कागदाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं.

"ही दुसरी भिंत तू पाहिलीस का?" मी विचारलं.

"नाही, पण असणारच ना. नाहीतर त्यांचं छत कशावर उभंय?"

"तुझ्या भिंतीवर."

तो हसला. मग मी हसत नाही हे बघून म्हणाला, "काकू, तुम्ही प्रूव्ह करा. मी शेटना सांगतो."

प्रूव्ह करणं कठीण नव्हतं. दोन्ही घरांची बाहेरची रुंदी मोजायची, दोन्ही घरं आतून मोजायची, आणि वजाबाकी करायची. कडेच्या भिंती सोडून उरेल ती मधली भिंत. दीड फूट उरली तर एक भिंत, तीन उरले तर दोन. शेटचं घर मी मोजलं. बाहेरूनही मोजलं. राहिलं गणोजीरावांचं घर आतून. मी आणि रंगस्वामी जगलीवर चढलो. गणोजीरावांनी रंगस्वामीच्या हातातला टेप पाहिला आणि कात्री खाली ठेवली. कॉफीला ते कापी म्हणत.

"कापी घ्या अक्का, बसा. तो टेप तेवढा बाहेर ठेवा."

मी सगळं समजावून सांगितलं. सोमवारी भिंत जाणार, भिंत गेली की तुमच्या तुळयांची एका बाजूची टोकं हवेत, आणि खाली तुमचं मशीन. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मी मापं घेतो अक्का. देत नाही."

"अण्णा, छत येईल डोक्यावर."

"तीनदा टेप आला. पहिल्यांदा अंगण गेलं. दुसऱ्यांदा विहीर गेली. तिसऱ्यांदा आमच्या बायकोची चूल गेली, दुसरीकडं मांडावी लागली. आता काय न्यायला आलाय?"

"मी न्यायला आले नाही, वाचवायला आलेय."

"त्या तिघांनीपण हेच सांगितलं की."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. पुन्हा कापी, पुन्हा तेच. मी रागानं उठले तेव्हा ते म्हणाले, "रागावू नका, ब्लाउजचं कापड असेल तर द्या, शिवून देतो." माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर शेटचा नकाशा काढून देऊन मोकळं झालं असतं. मलाही तो विचार आला. शेटनी मोजायला सांगितलं होतं ते मी मोजलं होतं. गणोजीरावांची काळजी माझ्या कामात बसत नव्हती. निनादचे फोन चालूच होते. त्याला मी सांगितलं की नकाशा अपुरा आहे, आणि अपुऱ्या नकाशावर मी सही करत नाही. तो म्हणाला, काकू, तुम्ही फार पर्सनली घेता. मी फोन ठेवला.

शुक्रवारी शेटच्या घरातली दारं-खिडक्या काढायला माणसं आली. चौकटी उचकटताना भिंतीला हादरे बसायला लागले. मी गल्लीतच होते. गणोजीरावांच्या दुकानात लाल कापडाचा तागा पसरलेला होता आणि छताच्या तुळईच्या मुळातून त्याच्यावर पांढरा चुना भुरभुर पडत होता. ते वर बघत उभे होते. मी पायरीवरून ओरडले. आवाज चढवणं मला शोभत नाही, पण चढला.

"आज चुना पडतोय अण्णा. सोमवारी तुळई पडेल. तुम्हाला टेपची भीती वाटते, मला तुमची वाटते. मरायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी घरी जाते."

गल्लीतले सगळे बाहेर आले होते. पुष्पक्काचं शटर अर्धं वर झालं. गणोजीरावांनी कापडावरचा चुना हातानं झटकला. मग गळ्यातला आपला शिंप्याचा टेप काढला.

"तुमचा टेप आत येणार नाही," ते म्हणाले. "माझा आतच आहे. मी मोजतो, तुम्ही लिहा."

मी डोक्याला हात लावला. शिंप्याचा टेप पाच फुटांचा. घर मोजायला तो म्हणजे तुकड्या-तुकड्यांची करमणूक. पण दार उघडलं होतं, ते पुन्हा बंद व्हायच्या आत मी वही उघडली. त्या माणसानं खडूच्या खुणा करत, गुडघ्यांवर बसत, अख्खं घर पाच-पाच फुटांनी मोजलं. आकडे सांगायची पद्धतही त्यांचीच. पुढची रुंदी म्हणजे 'शोल्डर'. मागच्या बाजूला घर निमुळतं होतं, तर म्हणाले, "कमरेत बारीक हाय." आमच्या कामात काटकोनावर कधी विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून खोलीचे तिरपे कर्णही मोजायचे असतात. ते कशाला, असं त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "आयतु, कळलं. उरेब." उरेब म्हणजे कापड तिरपं कापणं. मी म्हटलं तेच ते.

सगळं ठीक, फक्त टेप सैल. शिंपी माणसाच्या अंगाचं माप घेतो तेव्हा बोटभर ढिलाई ठेवतो, नाहीतर डगला काचतो. तीच सवय हातात. मी म्हणत राहिले, ताणा, अण्णा ताणा. ते म्हणत, "नको अक्का, आवळून माप घेतलं की गिऱ्हाईक परत येतं."

वजाबाकी केली, तर शिंप्याच्या सगळ्या ढिलाईसकट भिंत दीड फुटाच्या आसपासच उरली. दुसऱ्या भिंतीला तिथं जागाच नव्हती. मी निनादला बोलावलं. शनिवारी तो आला, वही बघितली आणि मान हलवली.

"काकू, हे टेलरच्या टेपनं घेतलंय. शेट मानणार नाहीत. फिजिकल प्रूफ पाहिजे."

मला त्याचा राग आला, पण त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, चल वर. शेटच्या रिकाम्या घराच्या वरच्या खोलीत गेलो. समोर ती भिंत, गुळगुळीत गिलाव्याची, निळा रंग दिलेली. या गल्लीत गवंडी तुळईचं टोक भिंतीत आरपार नेत आणि दुसऱ्या बाजूनं गिलाव्याखाली झाकत, हे मला इतर घरांवरून माहीत होतं. गणोजीरावांच्या दुकानाचं छत या खोलीच्या जमिनीहून जरा वर येत होतं, म्हणजे त्यांच्या तुळया या निळ्या रंगामागे असायला हव्यात. त्यांच्या मशीनवरची तुळई रस्त्यापासून किती आत आहे, ते वहीत होतं. मी माझ्या टेपनं तेवढं अंतर मोजलं, खडूनं फुली मारली आणि निनादला म्हटलं, फोड.

त्यानं हातोडी घेऊन गिलावा काढला. मागे वीट. आतल्या बाजूला फोडलं, वीट. त्यानं घड्याळ बघितलं. गणोजीराव तोवर जिन्यात येऊन उभे राहिले होते. वाटणीनंतर त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. ते दारातच थांबले आणि फोडलेली वीट बघत राहिले. इतक्या वर्षांनी कुणाला घरात माप घेऊ दिलं आणि ते माप खोटं निघालं, असं त्यांना वाटलं असणार.

मी वही पुन्हा चाळली. मग आठवलं, सैल टेप. सैल टेप नेहमी जास्त दाखवतो. प्रत्येक पाच फुटांना थोडं-थोडं जास्त, म्हणजे रस्त्यापासून जितकं आत जावं तितकी चूक वाढत जाणार. मी फुली पुसली आणि वीतभर रस्त्याच्या बाजूला दुसरी मारली.

"इथं फोड."

"काकू, आपण असं किती ठिकाणी..."

"इथं फोड रे बाबा."

गिलावा पडला आणि काळसर सागवान दिसलं. चौकोनी टोक, कडेला चुन्याची किनार. निनादनं मोबाइलचा दिवा लावून त्या टोकाच्या आजूबाजूला बघितलं, मग हातोडीनं दोन ठोके दिले. पलीकडे खाली, गणोजीरावांच्या दुकानात, तुळईचा आवाज आला. गणोजीराव पुढे आले. त्यांनी त्या टोकावर तळवा ठेवला.

"हे माझं हाय की," ते म्हणाले. "आजपर्यंत हिकडून बघितलं नव्हतं."

निनादनं तिथूनच शेटना फोन लावला. भिंत राहिली. शेटनी वर्षभर तक्रार केली की दीड फुटात एक शोकेस बसलं असतं. त्यांची इमारत भिंतीपासून सुटी, स्वतःच्या खांबांवर उभी राहिली, आणि भिंतीतल्या त्यांच्या बाजूच्या तुळयांच्या रिकाम्या खोबणींत पारवे राहायला आले. गणोजीरावांनी मला ब्लाउज शिवून दिला. तो मला सैल होतो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मला पुरस्कार मिळाल्यासारखं वाटत होतं. दोन-तीन वर्षांनी रंगस्वामीनं सांगितलं की गणोजीरावांनी घर विकलं. त्याच शेटना.

मी रिक्षा करून गेले. सगळ्या रस्ताभर मनातल्या मनात भांडत गेले. दुकानात डगल्यांचे गठ्ठे बांधलेले होते.

"यासाठी मी भिंत वाचवली का?" बसायच्या आधीच मी विचारलं. "त्या टेपचं खरं करून दाखवलंत ना शेवटी? गल्ली हसत असेल."

"कापी घ्या अक्का."

"नको मला कापी."

"गुडघे गेलेत. जिना होत नाही. देवनहळ्ळीला मुलाच्या घरी खाली खोली हाय, बाथरूम जवळ हाय." ते गठ्ठ्याची गाठ मारत होते. "तेव्हा ते घेत होते अक्का. आता मी देतोय. तुम्हाला दोन्ही एकच वाटतं का?"

एकच वाटत नव्हतं, पण माझी भिंत जाणार होती. माझी म्हणावी इतका त्या भिंतीत मी जीव घातला होता, आणि तिच्यावर माझा कणभर हक्क नव्हता. या धंद्यात हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. तुम्ही घर मोजता, त्याचा प्रत्येक वाकडेपणा पाठ करता, आणि मग ते ज्यांचं आहे ते लोक त्याचं हवं ते करतात. मी कापी घेतली. डोळे भरून आले ते त्यांनी बघितलं नाही, किंवा बघितलं आणि गाठच मारत राहिले.

त्यानंतर महिन्याभरानं निनादचा फोन आला. मी काम सोडलेलं होतं.

"अक्का," तो म्हणाला. आतापर्यंत काकू होते. "गणोजीरावांचं घर पाडायचंय. पण त्यांच्या दुसऱ्या बाजूची भिंत पुष्पक्कांबरोबर कॉमन असणार ना? त्यांच्या तुळया असतील तिच्यात. तारीख ठरवायच्या आधी विचारतोय."

मी म्हटलं, असतील. मी म्हटलं, ती बाई दार उघडणार नाही, मला ओळखते. तरी येते. टेप पिशवीत घातला. रंगस्वामीचेही गुडघे दुखतात, तो कुरकुरत आला. सबंध वाटेत मी त्याला सांगत होते की आपण शटरशी बोलून परत येणार आहोत.

शटर वर होतं. पुष्पक्का उंबऱ्यात उभी होती, आणि तिच्या गळ्यात शिंप्याचा टेप होता. पिवळा, कडा झिजलेला, मी ओळखला.

"गणोजी अण्णानं दिलाय जाताना," ती म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. "सांगितलंय, ती टेपवाली अक्का येईल. तिला आत घे, पण माप आपण घ्यायचं."

मी पिशवीतला टेप बाहेर काढलाच नाही. तिनं एक टोक माझ्या हातात देऊन भिंतीशी धरायला लावलं, दुसरं स्वतःकडे ठेवलं. वातींच्या गठ्ठ्यांमधून, कापराच्या वासातून ती मागे-मागे सरकत गेली. मध्ये टेपचा झोपाळा झाला.

"ताण," मी म्हटलं. "अगं, ताणून धर."